मरळीची लेकरं आणि आपला गळ



मृगाचा पहिला दणका बसला, सापन आणि बिच्छन गढूळ होऊन वाहू लागल्या, की आमच्या अचलपूर-परतवाड्यात एक जमात घराबाहेर पडते. हातात वेळूची काठी, नाहीतर हल्ली बाजारात मिळते ती चकरीची काठी. खिशात गरीचं पाकीट आणि डब्यात ओल्या मातीत ठेवलेली गांडुळं. या जमातीत सुतार असतो, मास्तर असतो, कापडाच्या दुकानातला नोकर असतो, ऑटो चालवणारा असतो. पोटासाठी यातला कोणी मासे धरत नाही. शौक आहे. मीही गेली कित्येक वर्षं त्यांच्यात जाऊन बसतो. मासा लागला तर बरं, नाही लागला तर निदान कवितेची एखादी ओळ लागते.

या शौकाला कायदा असतो हे मात्र आमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. विचारलंच तर माणूस एवढंच विचारतो, "इथं मासे धरलेले चालतात का?" या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. कोणतं पाणी, कोणता मासा, कोणता महिना आणि हातात कोणतं साधन, या चार गोष्टी सांगितल्याशिवाय उत्तर देताच येत नाही.

आधी पाण्याचं बघू. अचलपूरहून उत्तरेला तोंड केलं की समोर मेळघाट. सिपना, खंडू, खापरा, डोलार, गाडगा या तिथल्या नद्या तापीला मिळतात. त्यांचे डोह असे, की बघताक्षणी हात शिवशिवावा. सेमाडोह या गावाच्या नावातच डोह आहे. पण व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत गरी पाण्यात टाकणं म्हणजे गुन्हा. लोकांना वाटतं, वन्यजीव म्हणजे वाघ, अस्वल, सांबर. मासा त्यात कुठून आला? तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने 'वन्यजीव' या शब्दात मासा पहिल्यापासूनच घेतला होता. २००२ च्या दुरुस्तीत 'प्राणी' या शब्दाची व्याख्या नव्याने लिहिली गेली आणि तिथेही मासा नाव घेऊन आला. "आम्ही धरतो आणि सोडून देतो," हा युक्तिवादही तिथे चालत नाही, कारण कायद्याच्या भाषेत धरणं हीच शिकार. कर्नाटकात कावेरीच्या काठी महसीर धरून सोडण्याचे मोठे प्रसिद्ध तळ होते, देशोदेशीचे लोक तिथे येत. अभयारण्याच्या हद्दीतला तो खेळ २०१० च्या दशकात याच कारणाने थांबला. तेव्हा चिखलदऱ्याला फिरायला जाताना काठी घरीच ठेवावी, हे उत्तम.

दक्षिणेला, म्हणजे आपल्या बाजूला, पाणी मोकळं वाटतं. सापन, चंद्रभागा, शहानूर या नद्यांवर आता धरणं आहेत आणि त्यांचं पाणी पुढे पूर्णेला जातं. पण हे पाणीही बेवारस नाही. पाणी जलसंपदा खात्याचं आणि त्यातला मासा बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेचा. संस्था शासनाकडे ठेक्याची रक्कम भरते, मत्स्यबीज विकत घेते आणि तलावात सोडते. या बीजाची नावं मोठी गोड आहेत. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू म्हणजे मत्स्यजिरे. खरंच जिऱ्याएवढं. ते बोटाएवढं झालं की बोटुकली. रोहू, कटला आणि मृगळ हे मासे तलावाच्या उभ्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ साली कटकला हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून माशांना अंडी घालायला लावलं. तेव्हापासून हे बीज हौदात तयार होऊ लागलं. म्हणजे धरणातला रोहू हा रानचा मासा नव्हे, पेरलेला मासा आहे. दुसऱ्याच्या वावरातली हरभऱ्याची घाटी गंमत म्हणून तोडली तर शेतकरी काय म्हणेल? तेच भोई म्हणतो. संस्थेला विचारून, पावती घेऊन काठी टाकावी. बऱ्याच ठिकाणी एका माणसाच्या एका काठीला ते नाही म्हणत नाहीत.

आता साधनाचं. आपल्या देशात इंग्रजांनी माशांसाठी १८९७ साली कायदा केला. त्यातली दोन कलमं कुणालाही पाठ व्हावीत इतकी सोपी होती. पाण्यात सुरुंग फोडायचा नाही आणि पाण्यात विष टाकायचं नाही. शिक्षा दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. १८९७ चे दोनशे रुपये, हे लक्षात घ्या. त्याच कायद्याने सरकारला असाही अधिकार दिला, की एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी पूर्ण बंद ठेवता येईल आणि जाळ्याचे डोळे केवढे असावेत हेही ठरवता येईल. गंमत अशी, की त्या वर्षी आपलं वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं होतं, कारभार तेवढा इंग्रजांचा. पुढे १९४८ साली नागपूरला मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने मत्स्यकायदा केला. राज्यं बदलली, वऱ्हाड आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आलं, इथे १९६० चा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम आला; पण ४८ चा तो कायदा मध्यप्रदेशात आजही चालतो. सुरुंग आणि विष तर सगळीकडेच गुन्हा. तरी जिलेटीनची कांडी आणि शेतात फवारायचं औषध पाण्यात ओतणारे महाभाग आहेतच. अशा पाण्यातला मासा खाणाऱ्याच्या पोटात काय जातं, याचा विचार ते करत नाहीत आणि ते पाणी रात्री जनावरं पितात, याचा तर नाहीच.

सीमेपलीकडचा हा मध्यप्रदेश आम्हाला दूर नाही. परतवाड्याहून बैतूलचा रस्ता धरला की बघता बघता राज्य बदलतं. तिकडे १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद. तिकडच्या भाषेत 'बंद ऋतु'. नदीशी संबंध नसलेली लहान तळी तेवढी वगळलेली. आपल्या कोकणच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्याला जातात, ते आपण चित्रांत बघतोच. हिमाचलात मात्र ट्राउट माशासाठी बंदी १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर. कारण हा थंड पाण्याचा मासा हिवाळ्यात अंडी घालतो. तिथे परवाना घेऊन काठी टाकायची, किती आणि केवढे मासे न्यायचे हे परवान्यावर छापलेलं. म्हणजे बंदीचा महिना साहेबाच्या लहरीवर ठरत नाही. मासा ज्या महिन्यात पोटुशी असतो, तो महिना बंद.

इथे जातीचा प्रश्न येतो. जातीचा म्हणजे माशांच्या जातीचा, गैरसमज नको.

रोहूची मादी लाखांनी अंडी घालते आणि पुराच्या पाण्यावर सोडून निघून जाते. लाखातून थोडी जगतात, पण मूळ संख्याच मोठी. अशा माशासाठी नियम सोपा आहे. आकाराने लहान असेल तर सोडा, एकदा तरी अंडी घालू द्या. समुद्रातल्या माशांसाठी महाराष्ट्राने २०२३ साली हाच विचार करून ५४ जातींची किमान लांबी ठरवली. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. बिचाऱ्याला मान मिळाला तेव्हा तो जाळ्यात लहान लहानच यायला लागला होता. मांगूरचं प्रकरण आणखी निराळं. देशी मांगूर जपायचा, पण थायी मांगूर नावाने जो परदेशी मासा आला, तो बाकीच्या माशांना खाऊन फस्त करतो, म्हणून केंद्राने २००० सालीच त्याच्या पैदाशीवर बंदी घातली. तो गरीला लागला तर सोडू नका. एका माशाला सोडणं पुण्य आणि दुसऱ्याला सोडणं पाप, असा हा विषय आहे. म्हणूनच मासे ओळखता आले पाहिजेत.

आणि मरळ. श्रोतेहो, मरळीसाठी मला जरा थांबायचं आहे.

मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. ती दर थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घेते, म्हणून आटलेल्या डबक्यातही जगते आणि बाजारात पाटीत तासन् तास वळवळत असते. पावसाळ्यात नर आणि मादी मिळून काठच्या गवतात, शेवाळात जागा साफ करतात आणि तिथे अंडी ठेवतात. लाखांनी नाही, हजारांत. पण मग दोघंही पहारा देतात. पिल्लं निघाली की त्यांचा लालसर पुंजका पाण्याच्या वरच्या थराला फिरतो. लांबून बघितलं तर पाण्यावर कुणी शेंदूर सांडलाय आणि तो उकळतोय, असं वाटतं. आई-बाप त्या पुंजक्याच्या खाली असतात. तीन-चार आठवडे ते पिल्लांना सोडून हलत नाहीत.

आता गळवाल्यांची युक्ती ऐका. तो लाल पुंजका दिसला, की त्याच्या मधोमध बेडूक लावलेली गरी टाकायची. मरळ झडप घालते. घालतेच. शंभरातल्या नव्वद वेळा ती भुकेने येत नाही, पिल्लांवर कोणी चालून आलं म्हणून येते. ती काठावर आली की अर्ध्या तासात बाकीचे मासे त्या पुंजक्याची चटणी करतात. एक मासा धरला असं आपण म्हणतो, पण त्या दिवशी एक अख्खं घर उठलेलं असतं.

हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातल्या एका तलावावर जुलै महिन्यात आमच्या मोहल्ल्यातली तीन पोरं मरळीवर बसली होती. संस्थेच्या राखणदाराने त्यांच्या काठ्या हिसकावल्या, ढकलाढकली झाली, एकाचा शर्ट फाटला. संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर. आणि आमच्या गावात गोष्ट कशी वाढते, हे गावाने एकापेक्षा जास्त वेळा सोसलेलं आहे. काठ्या कशासाठी हिसकावल्या हे कोणी विचारेना. कोणाच्या हिसकावल्या आणि कोणी हिसकावल्या, एवढीच चर्चा. पोरांपैकी एकजण मला तावातावाने म्हणाला, "चाचा, मछली तो हलाल है. उसको काटना भी नहीं पडता. उसका कैसा कानून?"

आम्ही दोन-चार वडीलधारे त्या रात्रीच भोईपुऱ्यात गेलो. पोरांनाही सोबत नेलं. तिथले सत्तरी ओलांडलेले एक बाबाजी ओट्यावर जाळं विणत बसले होते. त्यांनी आधी चहा सांगितला. मग पोरांना जवळ बसवलं आणि विचारलं, "मरयचे लेकरं पाह्यले का तुमी?" आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो, मरळीची मरय होते. पोरं म्हणाली, पाह्यले, लाल लाल होते. म्हातारा म्हणाला, "मंग? तिले का भूक लागली होती? ते लेकरासाठी धावली बाप्पा. ते माय होती म्हणून तुमाले गवसली." पोरं खाली बघायला लागली. मग बाबाजी राखणदाराकडे वळले आणि त्यालाही सोडलं नाही. "अन् तू रे? तोंडानं सांगता येत नव्हतं? कपडे कायले फाडले?"

काठ्या परत मिळाल्या. शर्टाचे पैसे राखणदाराने देऊ केले, पोराच्या बापाने घेतले नाहीत. बोलणं असं ठरलं, की एका माणसाने एकच काठी टाकायची, बांधाच्या एका ठराविक बाजूला बसायचं, जुलै-ऑगस्टमध्ये यायचंच नाही आणि मरळीचा पुंजका दिसला तर तिथे गरी टाकायची नाही, मग महिना कोणताही असो. बदल्यात संस्था नाममात्र पैसे घेऊन पावती देईल. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. ते ठरल्यावर त्या तलावावर पुन्हा भांडण झाल्याचं माझ्या कानावर नाही. उलट मागच्या पावसात रात्री कोणी जाळं टाकलं, ही खबर संस्थेला दिली ती त्याच तिघांपैकी एकाने.

परतताना त्या हलालवाल्या पोराला मी आमच्याच घरातली एक गोष्ट आठवून दिली. कुराणात समुद्रकाठच्या एका वस्तीची कथा आहे. त्या लोकांना शनिवारी मासे धरायला मनाई होती. आणि परीक्षा अशी, की नेमके शनिवारीच मासे थव्यांनी वर यायचे, बाकीच्या दिवशी दिसायचे नाहीत. मग लोकांनी अक्कल चालवली. टीकाकार सांगतात, शुक्रवारी जाळी-बंधारे लावून ठेवायचे, शनिवारी हात लावायचा नाही आणि रविवारी मासे काढून घ्यायचे. नियमाचा शब्द पाळला, नियम मोडला. त्यांचं पुढे काय झालं हे पोराला ठाऊक होतं, ते मला सांगावं लागलं नाही. मासा हलाल आहेच. पण बंदीचा दिवसही त्याच किताबात आहे.

आपल्याकडे ही बुद्धी जुनी आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला सव्वीस वर्षं झाल्यावर कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. तिच्यात बिनकाट्याच्या माशाचं नाव आहे आणि चातुर्मासाच्या पौर्णिमांसारख्या ठराविक तिथींना मासा मारायचाही नाही आणि विकायचाही नाही, असं म्हटलं आहे. विकायचा नाही, हे महत्त्वाचं. गिऱ्हाईक थांबलं तर गळ आपोआप थांबतो, हे त्या राजाला कळत होतं. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लास' लिहिला. त्यात 'मत्स्यविनोद' म्हणून प्रकरण आहे. कोणता मासा कोणत्या पाण्यात राहतो, कोणाला कोणतं आमिष लागतं, दोर कसा हवा, हे सगळं राजाने बारकाईने सांगितलं आहे. म्हणजे शौकाने गळ टाकणं साहेबांनी आणलं असं कोणी म्हणालं तर ते खरं नव्हे. मराठीच्या अभ्यासकांनाही हा ग्रंथ ओळखीचा असतो, कारण त्यात जुन्या मराठीचा नमुना सापडतो.

महसीरबद्दल दोन शब्द, कारण काठीवाल्यांचा जीव तिच्यात अडकलेला असतो. नर्मदेकाठी तिला बाडस म्हणतात, २०११ पासून ती मध्यप्रदेशाचा राज्यमासा आहे. स्वच्छ, खळाळतं पाणी आणि तळाशी गोटे-वाळू असेल तरच ती अंडी घालते. वाळू उपसली की महसीर गेली, मग गळ टाका किंवा टाकू नका. महाराष्ट्रात ती टिकली त्यात देवळांचा वाटा मोठा. देहूला इंद्रायणीचा डोह, महाडजवळ वाळणकोंडीला वरदायिनी देवीचा डोह, वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वराचा डोह. इथल्या माशांना कोणी हात लावत नाही. लोक लाह्या-चणे टाकतात. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाजवळ दख्खनी महसीरीचं बीज तयार झालं आणि देशभर गेलं. हे चांगलंच काम. पण त्यातलं काही बीज कावेरीत सोडलं गेलं आणि तिथली मूळची कुबडवाली महसीर मागे पडत गेली. शेवटी २०१८ साली तिचं नाव अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेलं. परक्या नदीतला चांगला मासाही चांगला असतोच असं नाही. म्हणून कोणी हौसेने बादलीभर मासे आणून सापनमध्ये सोडत असेल, तर त्यालाही आधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारायला सांगा.

सोडायचा मासा कसा सोडावा, हेही सांगतो. अनेक जण सोडतात, पण मेलेला सोडतात. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, ते त्याचं चिलखत. कोरड्या हाताने धरलं की ते निघतं आणि मग अंगाला रोग धरतो. हात आधी पाण्यात भिजवा. गरीचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करून ठेवा, म्हणजे गरी तोंडातून फाडल्याशिवाय निघते. खोल गिळली असेल तर ओढू नका, दोर कापून टाका. मासा पाण्यात फेकू नका. प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांत धरा, तो स्वतः निसटेपर्यंत. फोटोसाठी त्याला मिनिटभर उन्हात धरून ठेवणाऱ्याने एकदा स्वतःचं डोकं तेवढा वेळ पाण्यात धरून बघावं.

राहिला प्रश्न विचारायचं कुठे. जिल्ह्याच्या ठिकाणी मत्स्यव्यवसाय विभागाचं कार्यालय असतं, अमरावतीला आहे. कोणता तलाव कोणत्या संस्थेकडे आहे, ते तिथे कळतं. जंगलाची हद्द कुठे सुरू होते हे वनखात्याच्या नाक्यावर विचारावं, कारण नदीला हद्द दिसत नाही. ठेके बदलतात, नियम बदलतात, तेव्हा मागच्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नये.

आणि माझी एक मागणी आहे, आकाशवाणीच्या निमित्ताने करून टाकतो. आमच्या भागातल्या प्रत्येक धरणाच्या भिंतीवर 'पोहण्यास सक्त मनाई' असा फलक आहे. त्याच्या शेजारी आणखी एक लावावा. ठेका कोणाचा, पावती कुठे मिळते, कोणते महिने बंद आणि कोणता मासा सोडायचा. चार ओळी पुरेत. मराठीत लिहाव्यात, खाली उर्दूत आणि कोरकूतही लिहिल्या तर कोणाचं काही जात नाही. आणि जमलं तर मरळीचं आणि तिच्या लाल पुंजक्याचं चित्र काढावं. आमच्यातल्या काही जणांना वाचता येत नाही, पण मासा सगळ्यांनाच ओळखू येतो.